हाताला बोटे, मंडळात माणसे

(गणेशोत्सवात बंगळूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरती आणि जेवण यांच्या मधल्या वेळात भाषण ठेवले की वक्त्याला घड्याळ लागत नाही, आतून येणाऱ्या वासावरून किती वेळ उरला ते कळते. विषय भाषाशास्त्रातला आहे हे ऐकून दोघेतिघे मघाशीच पाणी प्यायला उठले, ते परत आलेले दिसतात, म्हणून केळ्यांपासून सुरुवात करतो.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी आपण चार-पाच जण के. आर. मार्केटला गेलो होतो. नैवेद्याच्या यादीत ‘एलक्की केळी, सहा फण्या’ असे लिहिले होते. बरोबरच्या तमिळ मित्राने विचारले, फणी म्हणजे काय? मी केसांतून हात फिरवून दाखवला. तो हसायलाच लागला. म्हणाला, आमच्याकडेही तेच! तमिळमध्ये केळ्यांच्या फणीला ‘सीप्पु’ म्हणतात आणि केस विंचरायच्या फणीलाही सीप्पुच. विक्रेता कानडी, तो ‘चिप्पु’ म्हणत होता, आणि अख्ख्या घडाला ‘गोने’. इंग्रजीत मात्र फळांच्या व्यापारातले लोक फणीला ‘हँड’ म्हणतात आणि सुट्या केळ्याला ‘फिंगर’. वस्तू तीच. आम्हा शेजाऱ्यांना तिच्यात फणी आणि फणीचे दात दिसले, त्यांना हात आणि हाताची बोटे दिसली.

आता जरा नीट पाहा. केळीला घड लागतो, घडात फण्या असतात, फणीत केळी असतात, केळ्याला साल आणि देठ असतो. एका झाडापासून देठापर्यंत उतरत जाणारी ही शब्दांची शिडी आहे. भाषाशास्त्रात अशा नात्याला मेरॉनिमी म्हणतात. ग्रीकमध्ये ‘मेरोस’ म्हणजे भाग. आपल्याकडे न्यायशास्त्रापासून चालत आलेला शब्द आहे अवयव आणि अवयवी. दाते तो अवयव, फणी ती अवयवी. शब्दांचे आणखी एक नाते असते, ते प्रकाराचे. एलक्की हे केळ्याचा प्रकार आहे, साल हा केळ्याचा प्रकार नाही, भाग आहे. ‘एलक्की हे केळेच’ असे म्हणता येते, ‘साल हे केळेच’ असे म्हणता येत नाही. इतका फरक लहान मूलही पाळते. गोंधळ सुरू होतो तो पुढे, कारण ‘भाग’ हा एक शब्द आपण चार वेगवेगळ्या गोष्टींना लावतो.

१९८५ पासून अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर यांच्या मार्गदर्शनाखाली ‘वर्डनेट’ नावाचा एक वेगळाच कोश तयार झाला. त्यात शब्द अकारविल्हे नसून नात्यागोत्याने मांडलेले आहेत. आपल्याकडे मुंबईच्या आय. आय. टी.त त्याच धर्तीवर आधी हिंदी आणि मग मराठी वर्डनेट झाले. त्या प्रिन्स्टनच्या कोशात भागाचे तीन कप्पे केले आहेत: अवयव (गाडीचे चाक), सभासद (रानातले झाड) आणि द्रव्य (ज्याची वस्तू बनली आहे ते). १९८७ साली विन्स्टन, चॅफिन आणि हरमन या तिघांनी एक निबंध लिहून कप्पे सहा केले. तुकडा आणि गोळा, कृती आणि तिच्यातला टप्पा, प्रदेश आणि त्यातले ठिकाण, हे त्यांनी वेगळे काढले. हे कप्पे मी इथे फार चिवडत बसणार नाही. मला सांगायचे आहे ते असे की यातले बरेचसे काम मराठीने कोणताही निबंध न लिहिता दोन प्रत्ययांवर भागवले आहे, आणि आपण रोज ते बोलतो पण आपल्या लक्षात येत नाही.

ते दोन प्रत्यय म्हणजे ‘ला’ आणि ‘त’.

घराला तीन खिडक्या आहेत. घरात तीन खोल्या आहेत. उलटे करून पाहा. ‘घराला तीन खोल्या आहेत’ हे एक वेळ ओढूनताणून चालेल, पण ‘घरात तीन खिडक्या आहेत’ म्हटले की वाटते, कोणीतरी सुताराकडून आणून कोपऱ्यात टेकवून ठेवल्या आहेत. खिडकी घराला जडलेली असते, खोली घराच्या पोटात असते. पुस्तकाला प्रस्तावना असते, पुस्तकात प्रकरणे असतात. लाडवात तूप असते. ‘लाडवाला तूप आहे’ असे कोणी म्हणत नाही, कारण तूप हा लाडवाचा अवयव नाही, लाडू मुळात त्याचाच झालेला आहे. मोदकाला नाक असते आणि मोदकात सारण असते. आज सकाळी उकडीच्या मोदकांना कळ्या पाडताना ज्यांची नाके वाकडी झाली, त्यांना हा फरक वेगळा सांगायला नको.

आणि जे आपले नसून नुसते आपल्यापाशी आहे त्याला तिसरेच शब्द लागतात. मला दोन हात आहेत, मला दोन मुलगे आहेत, पण माझ्याकडे दोन गाड्या आहेत आणि माझ्याजवळ पैसे नाहीत. ‘मला दोन गाड्या आहेत’ असे इथे वाढलेली आपली मुले म्हणतात तेव्हा आपल्या कानाला खटकते, पण का खटकते ते आपल्याला सांगता येत नाही. गाडी विकता येते, हात आणि मुलगा विकता येत नाही, हे व्याकरणाला ठाऊक आहे.

आता अध्यक्षांची क्षमा मागून एक उदाहरण देतो. ‘मंडळात दोनशे सभासद आहेत’ हे बरोबर. ‘मंडळाला दोनशे सभासद आहेत’ हे कसेसेच वाटते. पण ‘मंडळाला अध्यक्ष आहे’ हे अगदी सरळ आहे. शाळेत पाचशे मुले असतात, शाळेला मुख्याध्यापक असतो. म्हणजे मुख्याध्यापक हा शाळेला नाकासारखा असतो, मुले ही लाडवातल्या बेसनासारखी. तेव्हा अध्यक्षसाहेब, आपण मंडळाला आहात आणि आम्ही मंडळात आहोत. वर्गणीसाठी दारोदार कोणी फिरायचे हे यातच आले.

या ‘ला’ आणि ‘त’चा आणखी एक उपयोग आहे. शास्त्रातले एक जुने कोडे असे, की भागाचा भाग हा संपूर्णाचा भाग असतो की नाही? गणितात असायला हवा. बंगळूर कर्नाटकात आहे, कर्नाटक भारतात आहे, म्हणून बंगळूर भारतात आहे. साखळी तुटत नाही. पण माझे बोट हाताला आहे, हात मला आहे, मी मंडळात आहे, म्हणून माझे बोट मंडळाचा भाग आहे का? वर्गणीची पावती फाडताना ते उपयोगी पडते हे खरे, पण सभासद नव्हे. विन्स्टन प्रभृतींनी असेच एक उदाहरण देऊन म्हटले आहे की साखळीत मध्येच नात्याची जात बदलली की ती तुटते. मराठीत ती कुठे तुटली ते ऐकू येते. बोटापासून माझ्यापर्यंत ‘ला’ होता, मंडळापाशी ‘त’ आला.

हा नियम मात्र दगडावरची रेघ नाही. ॲलन क्रूझ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने १९८६ च्या आपल्या पुस्तकात दाराच्या मुठीचे उदाहरण दिले आहे. मूठ दाराला, दार घराला, पण घराला मूठ असे कोणी म्हणत नाही. त्याचे म्हणणे, मुठीचे काम दारापुरते असते, ते घरापर्यंत पोचत नाही. मराठीत हे मी लावून पाहिले. दाराला बिजागरी असते, घराला दार असते, पण घराला बिजागरी नसते. इथपर्यंत क्रूझसाहेब बरोबर. पण ‘घराला कुलूप लावून आलो’ असे आपण खुशाल म्हणतो. कुलूप अडकवले दाराच्या कोयंड्यात, पण बंद झाले घर. काम घरापर्यंत पोचले, म्हणून शब्दही पोचला. म्हणजे ‘ला’च्या मागे ‘ला’ आला तरी भागाचे काम कुठवर पोचते हे पाहावेच लागते.

आपल्यातले बरेच जण कारखान्यांत आहेत, सुट्या भागांच्या याद्या करणे हा त्यांचा रोजचा धंदा. त्यांना भाग आणि तुकडा यांतला फरक सांगायला नको. पंखा खोलला तर भाग मिळतात, फोडला तर तुकडे. भागाला नाव असते आणि काम असते, तुकड्याला फक्त आकार असतो. पण जेवणाच्या बाबतीत मराठीने तुकड्यांनाही मानाने नावे दिली आहेत. भाकरीचा चौथा हिस्सा तो चतकोर, त्याहून लहान तो नितकोर. फुटलेल्या नारळाचे अर्धे ते भकल, संत्र्याची फोड, लसणाची पाकळी, उसाचे कांडे. गव्हाची ओंबी, भाताची लोंबी आणि ज्वारीचे कणीस, तिन्ही ठिकाणी धान्यच लगडलेले असते, पण शब्द बदलायचा नाही. शेतात उभ्या राहिलेल्या माणसांनी केलेले हे शब्द आहेत.

भाग आणि संपूर्ण यांचा विचार आपल्या पूर्वजांनी किती बारकाईने केला होता त्याचे एकच उदाहरण देतो, कारण ते आजच्या दिवसाशी जुळते. पतंजलीचे महाभाष्य इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले. वैयाकरणांपुढे प्रश्न होता की शब्दाच्या एखाद्या भागात बदल झाला तर तो शब्द तोच मानायचा की दुसरा? पतंजलीने दाखला दिला कुत्र्याचा. कुत्र्याचा कान कापला किंवा शेपूट तुटले म्हणून तो घोडा होत नाही की गाढव होत नाही, कुत्राच राहतो. आपल्या समोर मखरात बसलेल्या देवाचा एक दात मोडलेला आहे. त्यामुळे तो कमी गणपती झाला नाही, उलट त्या मोडलेल्या भागावरूनच त्याला एकदंत हे नाव पडले. कुत्र्याचा आणि बाप्पाचा उल्लेख एका दमात केला त्याबद्दल पतंजलीला जबाबदार धरावे.

भागाच्या नावाने संपूर्णाला हाक मारायची सवय तर आपल्या हाडामासात आहे. आपल्या मंडळाच्या बैठकीत खजिनदार म्हणाले, यंदा महाप्रसादाला तीनशे तोंडे आहेत. मांडवाचे काम पाहणारे म्हणाले, मला दहा हात कमी पडतात. स्वयंपाकघरातून विचारणा झाली, पहिल्या पंगतीला पाने किती? माणसे तीच. ज्याला जो भाग पेलावा लागतो किंवा ज्याला ज्याची गरज असते, तो भाग पुढे येतो. या सगळ्याला जुने शास्त्रकार लक्षणा म्हणतात. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट सांगून आपण त्या बिचाऱ्यांना हसतो. पण सोंडेला हत्ती म्हणणे हे भाषेत रोज चालते, फक्त बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही उरलेला हत्ती माहीत असावा लागतो.

आणि तो जेव्हा माहीत नसतो तेव्हा काय होते, तेवढे सांगून थांबतो. हे माझ्या घरात घडले.

आधी एक आकडा. २००५ साली जगातल्या भाषांचा एक मोठा नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला, ‘द वर्ल्ड ॲटलस ऑफ लँग्वेज स्ट्रक्चर्स’. त्यात सेसिल ब्राउन यांनी ६१७ भाषा तपासल्या. खांद्यापासून बोटांपर्यंतचा सबंध हात आणि मनगटापुढचा पंजा यांना एकच शब्द असलेल्या भाषा २२८ निघाल्या. इंग्रजीत ‘आर्म’ आणि ‘हँड’ वेगळे. आपला ‘हात’ मात्र खांद्यापासून नखापर्यंत सगळा. कानडीतला ‘कै’ही तसाच. पायाचेही तेच. आपला ‘पाय’ जांघेपासून अंगठ्यापर्यंत पसरलेला आहे. इंग्रजीत तिथे ‘लेग’ आणि ‘फूट’ असे निदान दोन शब्द आहेत. बोटही आपल्याला हाताला तेच आणि पायाला तेच. यात कमीपणा काही नाही. पण मोठा शब्द इतका ऐसपैस असला की नेमके बोलायचे सगळे ओझे आतल्या लहान शब्दांवर पडते: मांडी, गुडघा, नडगी, पोटरी, घोटा, टाच, चवडा, तळवा. मराठी माणसाने हे शब्द गमावले तर त्याच्याजवळ नुसता ‘पाय’ उरतो.

दोन वर्षांपूर्वी माझी आई गावाहून आमच्याकडे आली. रात्रभराचा बसचा प्रवास, वय सत्तरीच्या पुढे. तिसऱ्या दिवशी तिचा पाय दुखू लागला. मी बाहेरगावी होतो. माझी मुलगी तिला दवाखान्यात घेऊन गेली. मुलगी इथेच जन्मली, इथेच शिकली, घरात मराठी बोलते, आणि चांगली बोलते असा माझा समज होता. डॉक्टर इंग्रजीत विचारत होते, मुलगी आजीला मराठीत सांगत होती. आई म्हणाली, “पोटरी भरून आल्येय गं, दाबली की कळ मस्तकात जाते.” पातळावरूनच तिने गुडघ्यापासून घोट्यापर्यंत हात फिरवला. मुलीला ‘कळ’ कळली, ‘पाय’ कळला होता, ‘पोटरी’ कळली नाही. तिने डॉक्टरांना सांगितले, पाय दुखतोय, गुडघ्याच्या आसपास. या वयात गुडघे सगळ्यांचेच दुखतात. गुडघ्याचा एक्स-रे झाला, लावायचे मलम आणि पट्टा मिळाला, दोघी घरी आल्या.

मी परतलो तेव्हा डावी पोटरी उजवीपेक्षा दिसण्याइतकी जाड झाली होती, आणि तापलेली होती. दुसऱ्या रुग्णालयात नेले. डॉपलर तपासणी झाली. पोटरीच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी होती. अशी गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. रक्त पातळ करणारी इंजेक्शने आणि नंतर काही महिने गोळ्या, यांवर ती बरी झाली. आज पुढच्या रांगेत बसली आहे, म्हणून हे सांगायला मला बळ येते.

मुलगी फार रडली. तिला मी काय बोलणार? आयुष्यभर मी शब्दांचे काम केले, सभांमधून अवयव आणि अवयवी यांवर बोललो, आणि माझ्या घरात ‘पोटरी’ हा शब्द वीस वर्षांत कोणी उच्चारला नव्हता. मूल पडले की आम्ही विचारायचो, “पायाला लागलं का?” पायाला कुठे, ते ती बोटाने दाखवायची, आम्ही तिथे औषध लावायचो. काम भागत होते. लहानपणी तिला चित्रांच्या पुस्तकातून आम्ही हत्ती, बैलगाडी, विहीर असे अख्ख्या वस्तूंचे शब्द हौसेने शिकवले. हत्ती येतो, त्याचा सुळा येत नाही. बैलगाडी येते, जू आणि आरे येत नाहीत. परगावी राहिलेल्या भाषेत संपूर्ण वस्तूंची नावे टिकतात आणि आतल्या भागांची आधी गळून जातात, असे मी आपल्याच वसाहतीतल्या दहाबारा घरांत पाहतो आहे. मोठे शब्द शाबूत असतात म्हणून आतून काय गेले ते कळत नाही. माझ्याही लक्षात आले नव्हते.

गोळ्या चालू होत्या तेव्हा संध्याकाळी पाय उंच ठेवून आई पलंगावर पडलेली असे आणि नात पायथ्याशी बसून तेल नव्हे, नुसता हात फिरवत असे. चोळायला डॉक्टरांनी मनाई केली होती. तिथेच त्यांची शिकवणी चाले. ही नडगी, हिला आपटलं की डोळ्यांत पाणी येतं. हा घोटा. हा चवडा, चोरपावलांनी चालताना यावर चालतात. एकदा मुलीने गुडघ्याच्या मागच्या खोलगट जागेवर बोट ठेवून विचारले, “आणि याला काय म्हणतात?” मला वाटले, याला काही नाव नसावे. इंग्रजीतसुद्धा रोजच्या बोलण्यात नाही. आई म्हणाली, “त्याला लवण म्हणतात. पाय तिथं लवतो ना.”

मला लवण म्हणजे मीठ एवढेच ठाऊक होते. त्या रात्री मी शब्द लिहून घ्यायला वही काढली, तर मुलीने आधीच एक केली होती. तिच्या पहिल्या पानावर पायाचे चित्र आहे, देवनागरीत सोळा शब्द आहेत आणि दोन बाणांपुढे जागा रिकामी आहे. जेवणानंतर ती वही घेऊन आपल्यातल्या आजी-आजोबांकडे येणार आहे. कृपया पानावरून लगेच उठू नका.

गणपती बाप्पा मोरया!